आर्क्टिकच्या मरीन लॅबमध्ये पाहुणा संशोधक म्हणून शिरकाव कसा करायचा?

शेवाळकन्या
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी समुद्री शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणावर काम करते. आतापर्यंतचं सगळं काम कोमट पाण्यातल्या शैवालांवर झालं. आता डोक्यात किडा शिरलाय तो वेगळाच: जिथे जवळजवळ चार महिने सूर्य उगवतच नाही, तिथलं केल्प (थंड पाण्यातलं मोठ्या पानांचं समुद्री शैवाल) जगतं कशावर? त्यासाठी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडच्या किंग्ज बे मरीन लॅबमध्ये काही आठवडे काम करायची इच्छा आहे. काँग्सफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) दारात, वाहतं समुद्राचं पाणी थेट टाक्यांमध्ये, तापमान राखलेल्या खोल्या. आणखी काय हवं?

हवी ती परवानगी! माझी संस्था ध्रुवीय संशोधनातली नाही, तिथे ओळखीचं कुणी नाही. निधी देणारे म्हणतात, आधी लॅबची संमती आणा. चौकशी केली तर कळतं, आधी निधी दाखवा. थेट लॅबकडे अर्ज करता येतो का? की भारतातून जायचं तर हिमाद्री या तिथल्या भारतीय स्थानकाशिवाय वाटच नाही? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

बारक्या
पहिला! माहिती शून्य, पण अस्वलाचे फोटो टाकायच्या अटीवर पाठिंबा.

भूगोलवेडी
वाखू (वाचनखूण) साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

ध्रुवफेरी
शेवाळताई, आधी तिथली घडी समजून घ्या, म्हणजे पत्र कुणाला लिहायचं ते आपोआप कळेल.

न्यू-ऑलेसुंड मुळात कोळशाच्या खाणीची वस्ती. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि मग हळूहळू संशोधक आले. आज घरं, खानावळ, धक्का, बोट आणि मरीन लॅब हे सगळं किंग्ज बे ही नॉर्वे सरकारच्या मालकीची कंपनी चालवते. संशोधनाची स्थानकं मात्र देशोदेशीची आहेत: नॉर्वेचं स्वतःचं, जर्मनी-फ्रान्सचं मिळून आविपेव्ह, ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, जपान, कोरिया, चीन आणि २००८ पासून आपलं हिमाद्री. २००५ मध्ये सुरू झालेली मरीन लॅब यांतल्या कुठल्याच एकाची नाही, सगळे मिळून वापरतात.

यामुळेच बाहेरच्या माणसाला ती धर्मशाळा वाटते, की गेलो, पैसे भरले, पथारी पसरली. टेबल आणि टाक्या भाड्याने मिळतात हे खरं. पण तुमच्यामागे कुणीतरी उभं लागतं. बोटीवर कोण येणार, रसायनांची जबाबदारी कुणाची, तुम्ही वेळेवर परतला नाहीत तर शोधायला कोण निघणार, हे सगळं यजमान स्थानक बघतं. म्हणून व्यवहारात पहिलं पत्र लॅबला जात नाही, स्थानकाला जातं.

त्यानंतर कागद. प्रकल्प 'रिसर्च इन स्वालबार्ड' या पोर्टलवर नोंदवायचा, त्याला लोक नुसतं 'रिस' म्हणतात. तिथे मिळालेला क्रमांक पुढे सगळीकडे लागतो. राहण्याखाण्याचं बुकिंग, लॅबची जागा, स्वालबार्डच्या गव्हर्नरकडे करायचा क्षेत्रकामाचा अर्ज, सगळं त्यालाच जोडलेलं. नमुने गोळा करणार असाल तर कुठून, किती आणि कशाने हे नेमकं लिहावं लागतं. 'आवश्यकतेनुसार' हा शब्द तिथे चालत नाही.

हिमाद्रीची वाट म्हणजे गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, एनसीपीओआर. ते वेळोवेळी प्रस्ताव मागवतात, तज्ज्ञांकडून छाननी होते, निवड झाली की वैद्यकीय तपासणी. विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या लोकांनाही अर्ज करता येतो. तुमची संस्था ध्रुवीय नाही म्हणून हात टेकू नका.

तिरपागडे
काका, माहिती उत्तम. पण मूळ प्रश्नाआधीचा प्रश्न कुणीच विचारत नाहीये: जायचंच कशाला?

हिमाद्रीत सोय आठेक जणांची. त्यात वातावरणवाले, हिमनदीवाले, सूक्ष्मजीववाले सगळे रांगेत. काँग्सफ्योर्ड हा जगातला बहुधा सगळ्यात जास्त मोजला गेलेला फ्योर्ड असेल. आपलाच इंडआर्क हा मोजमापाचा संच तिथे २०१४ पासून १९२ मीटर खोल पाण्यात नांगरलेला आहे, तापमान-क्षारता नोंदवतोय. केल्पवर जर्मनांनी ढीगभर लिहून ठेवलंय. तरी प्रत्येकाला तिथे जाऊन लाल पार्का (टोपीचा जाड कोट) घालून फोटो काढायचाच असतो. अर्ध्याअधिक 'आर्क्टिक प्रकल्पां'चं काम घरच्या फ्रीजरमध्ये झालं असतं.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या. पण थोडेच.)

बारक्या
लाल पार्का कुठे मिळतो?

शेवाळकन्या
@ध्रुवफेरी, मनापासून आभार. इतकं सुटसुटीत कुणीच सांगितलं नव्हतं.

@तिरपागडे, टीका अर्धी मान्य. इंडआर्क माझ्या कामाचा नाही, कारण तो फ्योर्डच्या मध्यात खोल पाण्यात आहे आणि केल्पचं जंगल काठाच्या खडकांवर, वरच्या वीसेक मीटरांत. मला हवा आहे तो तिथपर्यंत पोचणारा उजेड. उन्हाळ्यात क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्या वितळल्या की गाळाचं पाणी येतं आणि भर उन्हातही खाली अंधारतं. तो गाळ, ते तापमान आणि जिवंत पान एकाच वेळी माझ्या लॅबमध्ये कसं आणू?

उत्तरवाट
मी जर्मनीत पोस्टडॉक करताना आविपेव्हमार्फत गेले होते, म्हणून युरोपच्या बाजूने लिहिते.

तिथलं पाणबुड्यांचं काम जुनं आहे. ब्लोमस्ट्रांडच्या किनाऱ्यावर हान्सनेसेट नावाची जागा आहे, तिथलं केल्प १९९६-९८ मध्ये पाण्यात उतरून मोजलं गेलं आणि २०१२-१४ मध्ये पुन्हा. उथळ पाण्यात ते कित्येक पटींनी वाढलेलं निघालं. हिवाळ्यात फ्योर्ड पूर्वीसारखा गोठत नाही, खडक खरवडणारा बर्फ कमी झाला, त्यामुळे केल्प वर सरकलं. म्हणजे तिरपागडे म्हणतात तशी माहिती भरपूर आहे. पण ती बरीचशी 'किती आहे' याची आहे. 'काळोखात काय करतं' ही बाजू त्यामानाने मोकळी आहे.

वाटा अशा: युरोपीय संघाचे 'ट्रान्सनॅशनल ॲक्सेस' नावाचे कार्यक्रम असतात. तुमचा प्रस्ताव निवडला गेला तर स्थानकाचा खर्च कार्यक्रम उचलतो, बऱ्याचदा प्रवासही. इंटरॅक्ट या स्थानकांच्या जाळ्याने हे वर्षानुवर्षं केलं. २०२४ मध्ये पोलारिन सुरू झालाय, त्यात स्थानकं, जहाजं आणि बर्फाच्या गाभ्यांचे साठे असं सगळं आहे. युरोपबाहेरच्यांना जागा मिळते, पण ठरावीक मर्यादेतच. म्हणून गटात एखादी युरोपातली व्यक्ती असेल तर बरं पडतं.

यात 'रिमोट ॲक्सेस' असाही प्रकार असतो. तुम्ही जायचं नाही, स्थानकातली माणसं तुमच्यासाठी नमुने काढून पाठवतात. तिरपागड्यांचं समाधान होईल!

तिरपागडे
झालं. लाल पार्का न घालता विज्ञान. +१

गुरुत्वाकर्षण
निधी आधी की संमती आधी, या कोंडीवर. ही कोंडी सगळ्यांचीच असते आणि ती फुटते यजमानाच्या एका पानाच्या पत्राने. 'निधी मिळाल्यास आम्ही यांना अमुक काळात सामावून घेऊ' एवढं सशर्त पत्र बहुतेक निधीवाल्यांना पुरतं. ते पत्र मिळवायला निधी लागत नाही, चांगला प्रश्न लागतो.

आणि प्रश्न चांगला आहे हे दाखवायला हाताशी थोडे आकडे हवेत. ताई, केल्पच्या गॅमेटोफाइटची कल्चर युरोपातल्या काही संस्था जतन करून ठेवतात. ती सूक्ष्म अवस्था असते, नळीत मावते. रीतसर मागणी करून, आयातीचे कागद करून मागवा. थंड कपाटात चार-पाच अंशांवर वाढवा आणि पूर्ण काळोखात ठेवून आठवड्याआड फ्लुरोमीटरने (प्रकाशसंश्लेषण कितपत चालू आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने) मोजा. त्यात काही दिसलं तर ते घेऊन दार ठोठवा. नाही दिसलं तर स्वालबार्डपर्यंतची पायपीट वाचली.

भूगोलवेडी
माझी एक भाबडी शंका. स्वालबार्ड नॉर्वेचं, मग चीन-कोरिया-भारत तिथे घरं थाटून कसे?

ध्रुवफेरी
भाबडी नाही. १९२० चा स्वालबार्ड करार. सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना मासेमारी, खाणकाम, व्यापार यांत समान वागणूक. भारताची सही तेव्हाची, ब्रिटिशांच्या छत्राखालची. मात्र हिमाद्रीची इमारत किंग्ज बेकडून भाड्याने घेतलेली आहे, घर आपलं नाही. नियम सगळे नॉर्वेचे. १९४६ च्या आधीचं काहीही, अगदी गंजका खिळासुद्धा, संरक्षित वारसा. उचलायचा नाही.

बारक्या
आणि बंदूक? ऐकलंय की शास्त्रज्ञांना बंदूक देतात.

ध्रुवफेरी
वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वल पळवायची साधनं सोबत लागतात, आणि आमच्या वेळी रायफलशिवाय कुणी निघत नसे. आधी प्रशिक्षण, मग नेमबाजीच्या जागेवर सराव. आमच्यासोबतचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, आयुष्य सूक्ष्मदर्शकापुढे गेलेलं, त्यांनी पहिल्याच फेरीत सगळ्या गोळ्या नेमक्या लावल्या आणि दिवसभर कुणाशी न बोलता नुसते हसत होते. वस्तीत भरलेली बंदूक चालत नाही. घरांच्या दारांना कुलपं नसतात, अस्वल दिसलं तर सगळ्यात जवळच्या दारात घुसता यावं म्हणून.

तिरपागडे
कुलूप नाही, तर अस्वलालाही घुसता येईल की.

बारक्या
त्याला प्रकल्प क्रमांक नसतो.

(यापुढचे बंदूक विरुद्ध मिरचीचा फवारा या वादावरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. मूळ विषयावर लिहावे. – संपादक मंडळ)

निशाचर
मला एक खटकतंय. ताईंनी कधी जायचं ते लिहिलेलंच नाही आणि कुणी विचारलंही नाही. बहुतेकांच्या डोक्यात जुलै-ऑगस्ट असतो: बोटी चालतात, हवा बरी, बाकी गट तिथेच. पण न्यू-ऑलेसुंडमध्ये साधारण १८ एप्रिल ते २४ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. काळोखावरचा प्रश्न घेऊन तुम्ही लख्ख उजेडात जाणार?

काळोखात तिथे सगळं झोपलेलं असतं ही समजूत गेल्या दशकभरात मोडीत निघाली. ध्रुवीय रात्रीच्या मोहिमांमध्ये काँग्सफ्योर्डमधले प्राणी खात होते, वाढत होते, प्रजनन करत होते. सूर्य नाही तर प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) चंद्राच्या उजेडाप्रमाणे वरखाली करतं हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. केल्पमध्ये तर लॅमिनारिया सॉलिडुंगुला ही जात आहेच. ती उन्हाळ्यात साठा करते आणि नवं पान काळोखात काढते. तुमचा प्रश्न खरं तर तिच्यापासूनच सुरू होतो.

म्हणजे ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ. गंमत अशी की त्या काळात लॅबमध्ये गर्दी कमी असते. उन्हाळ्यात टाकीसाठी मारामार, हिवाळ्यात टाकी मोकळी, पण ती भरायला केल्प आणणार कोण हा प्रश्न. बोट हवामानावर, पाणबुडे त्याहून जास्त हवामानावर.

उत्तरवाट
निशाचरशी सहमत, एका दुरुस्तीसह. काळोखाच्या ऐन मध्यात जाण्यापेक्षा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवस भराभर आखडत असताना केल्प काढून टाकीत लावायचं आणि मग काळोख त्याच्यावर येऊ द्यायचा. मोजमाप ध्रुवीय रात्रभर चालू ठेवायला माणूस तिथे असलंच पाहिजे असं नाही, स्थानकातले लोक ठरल्या दिवशी पान कापून गोठवून ठेवू शकतात. मात्र हे आधी लेखी ठरलेलं हवं.

दुसरी सोय म्हणजे २०२३ च्या डिसेंबरपासून हिमाद्रीत हिवाळ्यातही भारतीय तुकडी असते. पूर्वी हा पर्याय नव्हता.

शेवाळकन्या
निशाचर, तुम्ही माझ्या प्रस्तावाची शेपटीच ओढलीत. मी जुलैच लिहिला होता, कारण सगळे जुलैच लिहितात.

गोठवलेले नमुने परत कसे आणायचे?

उत्तरवाट
सगळ्यात चिवट प्रश्न. तिथे उणे ८० चं फ्रीजर आहे, घरी उणे ८० चं फ्रीजर आहे, मधल्या प्रवासाचं काय? न्यू-ऑलेसुंड ते लाँगयिअरब्येन छोटं विमान, मग ऑस्लो, मग पुढचं. एका विमानतळावर आमचा खोका कागद तपासण्यासाठी इतका वेळ उघड्यावर राहिला की कोरडा बर्फ उडून गेला आणि आतलं सगळं मऊ पडलं. तेव्हापासून मी रंगद्रव्यं आणि साखरेसाठीचे नमुने तिथेच फ्रीझ-ड्राय करून, म्हणजे गोठवून सुकवून, आणते. कोरडी भुकटी पिशवीत बसते, बर्फ लागत नाही. आरएनए हवं असेल तर ते टिकवणाऱ्या द्रावणात. गोठवलेलं फक्त ज्याला पर्यायच नाही तेवढंच.

रसायनंही विमानातून नेण्याच्या फंदात पडू नका. सुरक्षा पत्रकांसह यादी महिनोन्‌महिने आधी द्यायची, माल जहाजाने जातो.

गुरुत्वाकर्षण
व्हिसाचं कुणी बोललं नाही. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही असं वाचून लोक खूश होतात. पण तिथे पोचायची वाट ऑस्लोतून, आणि ऑस्लो शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. स्वालबार्ड शेंगेनबाहेर. म्हणजे तुम्ही ऑस्लोत आत, स्वालबार्डला जाताना बाहेर, परतताना पुन्हा आत. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येताना पंचाईत. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा मागा.

भूगोलवेडी
न्यू-ऑलेसुंडशिवाय जागाच नाही का? ग्रीनलंड?

उत्तरवाट
आहेत. ग्रीनलंडमध्ये डिस्को बेटावर कोपनहेगन विद्यापीठाचं आर्क्टिक स्टेशन आहे, १९०६ पासूनचं, स्वतःची बोट असलेलं. तिथे डेन्मार्कचा व्हिसा ग्रीनलंडला लागू असल्याचं त्यावर लिहिलेलं लागतं, नुसता शेंगेन चालत नाही. ट्रोम्सोही आर्क्टिक वर्तुळाच्या आत आहे, विद्यापीठ मोठं, विमानं रोजची. पण ताईंना हिमनदीचा गाळ आणि लांबलचक काळोख दोन्ही हवंय. त्यासाठी काँग्सफ्योर्डच बरा.

शेवाळकन्या
दोन दिवस बसून पुन्हा लिहिलं. नवा मसुदा थोडक्यात: (अ) आधी घरीच कल्चरवर काळोखाचा प्रयोग. (आ) ते आकडे घेऊन एकीकडे एनसीपीओआरच्या पुढच्या आवाहनाला प्रस्ताव, दुसरीकडे युरोपातल्या एका केल्प गटाला पत्र. (इ) प्रत्यक्ष जाणं ऑक्टोबरमध्ये थोडकं, पुढचे नमुने हिवाळी तुकडीकडून. लॅबला थेट पत्र नाही. फाडा मंडळी.

तिरपागडे
फाडायला फार उरलं नाही, वाईट वाटलं. एकच: दोन्हीकडे एकच प्रस्ताव पाठवलात तर ते दोघांनाही सांगा. तिथे सगळे एकाच खानावळीत जेवतात. तुम्ही पोचायच्या आधी गोष्ट पोचते.

ध्रुवफेरी
हिवाळी तुकडीवर विसंबताना एक लक्षात घ्या, त्यांचेही स्वतःचे प्रकल्प असतात. तुमचं पान कापायला दर खेपेला किती मिनिटं लागतील ते लिहून द्या. 'थोडी मदत' म्हटलं की कुणीच हो म्हणत नाही; 'आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, पायऱ्या सोबत जोडल्या आहेत' म्हटलं की म्हणतात.

आणि उजेड कशाने मोजणार?

शेवाळकन्या
छोटे लाइट लॉगर आहेत, टाकीत आणि बाहेर पाण्यात लावायचे. फोनवर डेटा येतो.

ध्रुवफेरी
फोनवर म्हणजे ब्लूटूथने. तिथे चालणार नाही.

न्यू-ऑलेसुंडच्या २० किलोमीटर परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये काहीही प्रक्षेपित करायला बंदी आहे. नॉर्वेच्या भूमापन खात्याच्या रेडिओ दुर्बिणी तिथे अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे क्वेसार (आकाशगंगांचे अतिप्रखर गाभे) ऐकत असतात, त्यावरून पृथ्वीचं फिरणं आणि खंडांचं सरकणं मोजतात. तुमच्या खिशातल्या फोनचा आवाज त्यांच्यासाठी प्रचंड मोठा. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, बिनतारी माऊससुद्धा बंद. आमच्या गटातल्या एकाचं घड्याळ आपोआप ब्लूटूथ सुरू करायचं, शेवटी ते ड्रॉवरमध्ये गेलं. ड्रोनचं म्हणाल तर आधी नॉर्वेच्या दूरसंचार खात्याची परवानगी.

बारक्या
म्हणजे अस्वलाचे फोटो लगेच टाकता येणार नाहीत?

ध्रुवफेरी
तारेचं इंटरनेट आहे रे बाबा. टाकता येतील. पण २०२५ पासून अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये ५००. तुझ्या फोटोत ते पांढऱ्यावर पांढरा ठिपका दिसेल.

शेवाळकन्या
बापरे, हे कुठेच वाचलं नव्हतं. लॉगर बनवणाऱ्यांना विचारलं. ब्लूटूथ पूर्ण बंद करता येत नाही, बटण दाबलं की सुरू होतंच. केबलने डेटा काढायचं जुनं मॉडेल अजून मिळतं, ते मागवतेय. कल्चरसाठीही दोन ठिकाणी लिहिलंय, एकाने आयात परवान्याचा नमुना मागितलाय. कुणाकडे अलीकडचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गुरुत्वाकर्षण
व्यनि केलाय. त्यातलं जातीचं नाव बदला, माझा डायटमचा (एका सूक्ष्म शैवालाचा) होता.